ठकूआईच्या भिंतीतले दगड

फार वर्षांपूर्वी, निंबेदऱ्याला चर्च नव्हतं, घंटा नव्हती आणि ओढ्यावर पूलही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. आमच्याकडे ती ऐकताना भिंतीला टेकून बसत नाहीत, भिंतीकडे तोंड करून बसतात. तेव्हा जरा सरका आणि वळून बसा.

ओढ्याच्या अलीकडे गाव आणि पलीकडे आमची वस्ती. वस्तीतल्या मोजक्या घरांनी प्रभू येशूचं नाव घेतलं होतं, पण त्यांना प्रार्थनेला देऊळ नव्हतं; चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. रविवारी बाभळीखाली जमायचं, गाणी म्हणायची आणि पाळक, म्हणजे आमचा धर्मगुरू, लांबून घोड्यावर आला तर वचन ऐकायचं. ऊन चढलं की माणसं सावलीबरोबर सरकायची, सर आली की गाणं अर्धं टाकून पळायची. असं किती दिवस चालणार? आज हा आला नाही, पुढच्या रविवारी ती आली नाही, अशी मंडळी पांगायला लागली.

त्या मंडळीत ठकूबाई नावाची सुईण होती. ओढ्याच्या दोन्ही तीरांची लेकरं तिच्याच हातांवर जन्मली होती, म्हणून सगळे तिला ठकूआई म्हणत. पांगणारी मंडळी तिला पाहवेना. वर छप्पर झालं नाही तर एक दिवस बाभळीखाली मी एकटीच गात बसेन, याची तिला फार भीती वाटायची.

तिने बाप्तिस्मा घेतला तेव्हा मानाजी पाटलाने गावात दवंडी पिटवली होती, की हिला बाळंतपणाला कोणी बोलवायचं नाही. गावाने माना डोलावल्या. पण पोटातल्या लेकराला दवंडी कुठली ऐकू येते? कळा सुरू झाल्या की पहिला निरोप ठकूआईलाच जायचा. फक्त आता ती परसदारातून आत शिरायची.

पूर्वी ती सुपातलं धान्य आणि चोळीचा खण घ्यायची. आता ती म्हणू लागली, मला तुमच्या घरचा एक दगड द्या. लोकांना हसू आलं. म्हातारीला चळ लागला म्हणाले, आणि द्यायला काय जातं म्हणून दिलेही. कोणी चुलीचा दगड दिला, कोणी गोठ्यातला, कोणी फुटका पाटा. ती तो पदरात गुंडाळायची, छातीशी धरायची आणि ओढा ओलांडून बाभळीखाली आणायची. असं म्हणतात, की दगड केवढाही असो, तिच्या हातात त्याचं वजन त्या घरी जन्मलेल्या लेकराएवढंच व्हायचं. गड्यांच्यानेही न हललेला उंबऱ्याचा दगड तिने एकटीने नेला, आणि ते पाहिलेली माणसं माझ्या आजीने पाहिली होती.

दगडांच्या भिंती उठू लागल्या. असं म्हणतात, की एकाही दगडाला छिन्नी लावावी लागली नाही. थंडीत भावंडं बिलगून बसतात तसा नवा दगड जुन्याशेजारी आपसूक बसायचा. भिंती खांद्याएवढ्या झाल्या आणि पांगलेली माणसं एकेक करून परत आली. वर अजून आभाळच होतं, पण आता कोणी पळत नव्हतं.

मग मात्र पाटलाचं डोकं फिरलं. माझ्या गावचे दगड त्यांच्या देवळात कसे, म्हणून त्याने हुकूम सोडला, की बाजाराच्या दिवशी ज्याने त्याने आपला दगड उपटून घरी न्यायचा.

त्या दिवशी अख्खं गाव ओढा ओलांडून आलं. बाप्ये पहारी घेऊन पुढे झाले, पण त्यांच्याआधी आया जाऊन आपापल्या दगडासमोर उभ्या राहिल्या. एवढ्या दगडांत प्रत्येकीला आपला बरोबर सापडला. एकीने तर नवऱ्याला सांगून टाकलं, की हा उपटायचा असेल तर आधी घरी जाऊन पाळण्यातल्याला उचल आणि ओढ्यात टाक. हळूहळू सगळ्यांच्या पहारी खाली झाल्या.

पाटलाने एकाची पहार हिसकावून घेतली. माझ्या घरचा दगड इथे नाही, मला कोणाची भीड नाही, असं म्हणत तो स्वतः भिंतीवर चालून गेला. ठकूआई आडवी आली नाही.

“तुमच्या घरचा बी हाय, पाटील,” ती म्हणाली. “पर भिंतीत न्हाई. आत हाय.”

आत, पाळक उभा राहून प्रार्थना करायचा तिथे, एक मोठा काळा दगड होता. पाटलाने तो लगेच ओळखला. त्याची पहिली मुलगी जन्मली होती ती श्वास न घेताच. त्या काळी अशा लेकराचं तोंड बापाला दाखवत नसत. पाटलाने तिला पाहिलं नव्हतं, हातात घेतलं नव्हतं, आणि पुढे घरात कधी तिचा विषय निघू दिला नव्हता. ज्या न्हाणीच्या दगडावर बाळाला न्हाऊ घालायचं होतं, तो त्याच्या बायकोने, भिमाबाईने, गुपचूप ठकूआईला दिला होता. न जगलेल्या लेकराचा दगड कशाला, असं वस्तीतल्या बायकांनी विचारलंही होतं. ठकूआई म्हणाली होती, की तेही जन्मलंच होतं.

“न्या तुमचा,” ती आता पाटलाला म्हणाली. “पर दोन्ही हातांनी उचला. मानंखाली हात घाला.”

पाटील रागातच वाकला. असं म्हणतात, की तो दगड एकदम वर आला. वजनाला तान्ह्या लेकराएवढाच होता तो, आणि उबदार होता. पाटील तसाच उभा राहिला. सारं गाव बघत होतं आणि त्याचे हात आपोआप झोका देऊ लागले. मग तो रडला. बारशाला कानात सांगतात तसं त्याने ओठ दगडाजवळ नेऊन एक नाव सांगितलं. ते नाव कोणालाच ऐकू आलं नाही.

मग त्याने वर आभाळाकडे पाहिलं.

“इथं ही भिजत असंल,” तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी पाटलाच्या गाड्यांतून सागाच्या तुळया आल्या, मागोमाग कौलं आली. पावसाच्या आधी देवळावर छप्पर चढलं. पाटील ख्रिस्ती झाला नाही, आणि ठकूआईनेही त्याला कधी तसा आग्रह केला नाही. ठकूआई गेली तेव्हा छपराखाली गाणाऱ्यांना आत जागा पुरत नव्हती.

आजही निंबेदऱ्यात लेकरू जन्मलं, कोणाच्याही घरी आणि ओढ्याच्या कोणत्याही तीरावर, की त्या घरचा दगड देवळात येतो. देवळापासून निघालेली भिंत कब्रस्तानाला वळसा घालून आता ओढ्यापर्यंत पोचली आहे. बाहेरची माणसं विचारतात, बांधकाम संपणार कधी? आम्ही सांगतो, देव करो आणि कधी न संपो. जे लेकरू जगलं नाही त्याचाही दगड येतो, आणि तो आत, त्या काळ्या दगडाशेजारी बसतो.

दगड कोणाचाही असो, तो आणायचा बापाने, दोन्ही हातांवर. घंटा होते, मंडळी उभी राहते आणि पाळक ठकूआईचेच शब्द म्हणतो, मानेखाली हात घाला. मग बाप वाकतो आणि दगडाला नाव सांगतो.