ओढ्याचा प्रश्न

एका अरण्यात सर्व प्राण्यांनी आपापल्या घासातला घास देऊन उभारलेले एक विद्यापीठ होते. तेथे माकड झेप घेण्यास शिकत असे, हरिणी धावण्यास, ससा बीळ खणण्यास. पूर्वी तेथे आणखी एक पाठ होई. सर्वांनी वडाखाली बसावे, अरण्याच्या एखाद्या प्रश्नावर एकाने बोलावे, इतरांनी ऐकावे आणि मग मिळून ठरवावे. कुलगुरू अस्वलाने तो बंद केला. "या बडबडीने कोणाचे पोट भरते?" तो म्हणाला. विद्यार्थ्यांनाही हायसे वाटले, कारण त्या पाठाची परीक्षा नसे आणि त्यात वेळ फुकट जातो असे त्यांना वाटे.

एका उन्हाळ्यात रानडुकराने सिंहाकडे मागणी केली, "महाराज, ओढा माझ्या डबक्याकडे वळवू द्या." सिंह न्यायी होता. तो विद्यापीठात येऊन म्हणाला, "ओढा सर्वांचा आहे. सूर्य मावळेपर्यंत विचार करा आणि मला उत्तर सांगा."

'उत्तर' म्हणताच सर्वांना ती परीक्षाच वाटली. जो तो शेजाऱ्याकडे पाठ करून बसला.

"माकडदादा, माझ्या पाडसाला दूरच्या पाण्यापर्यंत चालवणार नाही. तुम्ही काय सांगणार?" हरिणीने विचारले.

"गप्प बस! माझे उत्तर चोरतेस काय?"

सशाने भीत भीत विचारले, "महाराज, हे कोणत्या पाठात आहे?"

"कोणत्याच नाही," सिंह बुचकळ्यात पडला.

"मग हे विचारता येत नाही, महाराज."

सूर्य मावळला. एकेकाने सिंहाच्या कानात, दुसऱ्यास ऐकू जाणार नाही अशा बेताने, निरनिराळे काही सांगितले. चुकेल या भीतीने हरिणी बोललीच नाही. "यातले तुम्हा सर्वांचे म्हणणे कोणते?" सिंहाने विचारले. कोणास ठाऊक नव्हते. रानडुकराचे म्हणणे मात्र ठाम होते. सिंहाने गोंधळून ओढा त्याला दिला.

ओढ्याचे पात्र कोरडे पडले. हरिणी अस्वलाकडे गेली. "गुरुजी, बरोबर उत्तर कोणते होते?"

"ते कोठे तयार नव्हतेच, मुली. तुम्ही एकमेकांना विचारले असते, तर तयार झाले असते. तो पाठ मीच मोडला. देव मला क्षमा करो."

सकाळी त्याने सर्वांना वडाखाली बसवले. आधी कोणी बोलावे, हेच कोणाला कळेना. सारे एकदम ओरडले, मग सारे एकदम गप्प झाले. तेव्हा हरिणी उभी राहिली. "माझ्या पाडसाला पाणी हवे आहे," ती म्हणाली.

माकडाने मान वळवून प्रथमच तिच्याकडे पाहिले.

तात्पर्य : जे विद्यापीठ एकट्याने उत्तीर्ण होण्यास शिकवते, पण चौघांत बसून ठरवण्यास शिकवत नाही, त्याचे विद्वान ईश्वराने सर्वांना दिलेले पाणीसुद्धा राखू शकत नाहीत.