धूळपाटीवरची देवी

ऐका मंडळी, लहान असा नाहीतर थोर. फार फार पूर्वी, तेव्हाच्या राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत इतक्या पूर्वी, तळ्याकाठी भात पिकवणारं एक गाव होतं. गावात एक देऊळ होतं आणि एक शाळा. देवळात म्हातारा गुरव देवीची पूजा करी, शाळेत पंतोजी मुलांना शिकवत. शाळा साऱ्या गावाची होती. खळ्यावर भात आला की प्रत्येक घर एक सूपभर भात शाळेसाठी काढून ठेवी, मग ते घर देवीला मानणारं असो की न मानणारं.

गुरवाला देवीवाचून दुसरं कुणी नव्हतं. बायको देवाघरी गेली, लेक सासरी गेली, आणि म्हाताऱ्याची सगळी माया त्या काळ्या पाषाणावर गोळा झाली. थंडीत तो आधी देवीला शाल पांघरी, मग स्वतः घोंगडी घेई. संध्याकाळी पोरं जमली की तो गोष्ट सांगे. दुष्काळात माणसं तडफडत होती, तेव्हा देवीनं पदर झटकला आणि त्यातून भात सांडला, आज दिसतो तस्साच, टपोरा.

एकदा ही गोष्ट ऐकून पोरं म्हणाली, "पण बाबा, पंतोजी सांगतात, शेतातला भात तळ्यातल्या रानभातापासनं आलाय. पिढ्यान्‌पिढ्या बदलत बदलत. कुत्रा लांडग्यापासनं आला. आणि माकडं आपली लांबची भाऊबंद!"

झालं! गावात एकच गिल्ला झाला. पाटलाची काकू तर दोन वेळा आरशात पाहून आली आणि मगच संतापली. गुरवाच्या मात्र पायाखालची वाळू सरकली. पोरांनी पंतोजींचं खरं मानलं तर उद्या देवीकडे कोण येणार? आपण डोळे मिटल्यावर तिला शाल कोण पांघरणार?

तो तडक चावडीवर गेला. पाटलाला म्हणाला, "शाळेत भाताचा धडा असंल तर तो माझ्या देवीचाच असंल. न्हाईतर पंतोजींनी पेरणीआधी गाव सोडावं!"

गाव गुरवाच्या बाजूनं होतं. पण चांगला शिक्षक काही झाडाला लागत नाही, हे पाटील जाणून होता. सापही मरावा आणि काठीही मोडू नये म्हणून तो म्हणाला, "दोघांचंही शिकवा की. उद्या गुरवबाबा शाळेत येतील."

पंतोजी शांतपणे म्हणाले, "जरूर यावं. पण शाळेचा नियम त्यांनाही लागू. त्यांचा धडा त्या नियमात टिकला, तर मी आपणहून गाव सोडीन."

नियम असा होता. शिकवणाऱ्यानं आपलं म्हणणं धूळपाटीवर, म्हणजे धूळ पसरलेल्या मोठ्या फळीवर, बोटानं लिहायचं. मुलांनी विचारायचं, "कशावरून?" जे दाखवता येईल, पडताळता येईल, ते राहील. नाही ते त्या दिवशीच्या पाळीच्या मुलानं हातानं पुसून टाकायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंतोजींनी आधी सुरुवात केली. त्यांनी रानभाताची लोंबी हातात घेतली आणि हलकी टिचकी मारली. दाणे झरझर गळाले. मग शेतातली लोंबी घेतली. तिचे दाणे जागचे हलले नाहीत. "जे गळले ते चिखलात गेले. जे धरून राहिले तेच आपल्या आज्या-पणज्यांच्या सुपात आले, आणि तेच त्यांनी पुन्हा पेरले," पंतोजी म्हणाले, आणि त्यांनी पाटीवर लिहिलं, 'याला शंभर वर्षं लागली.'

"कशावरून?" एक पोरगी उठली. "देवळाच्या खांबावर भाताची लोंबी कोरलीय. ती या शेतातल्या लोंबीसारखीच भरलेली आहे. आणि खांब तर शंभर वर्षांहून जुना आहे!"

पंतोजी खो-खो हसले. "बरोबर! किती वर्षं लागली ते मला ठाऊक नाही. पूस ते."

गुरव पाहतच राहिला. स्वतःचं लिहिलेलं पुसलं गेलं आणि हा माणूस हसतो?

मग गुरवाची पाळी आली. त्यानं गोष्ट अशी सांगितली की मुलांचे डोळे भरून आले. गुरवाला लिहिता येत नव्हतं, म्हणून पंतोजींनीच स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'देवीने पदर झटकला आणि भात आला.'

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. पण नियम म्हणजे नियम.

"कशावरून, बाबा?"

"माझ्या आज्यानं सांगितलं."

"आज्याला कशावरून कळलं?"

"त्याच्या आज्यानं सांगितलं."

"पण दुष्काळात तो भात शिजवायला पाणी कुठनं आणलं?"

मुलं चेष्टा करत नव्हती. रोज विचारत तसंच विचारत होती. गुरवाला मात्र ते सोसेना. बाजारात वांगी दाबून पाहावीत तशी त्याची देवी तपासली जात होती.

पुसायची पाळी खांबावरची लोंबी सांगणाऱ्या त्याच पोरीची होती. देवीचा रोजचा हार हीच पोर गुंफायची. तिचा हात धुळीवर, बरोबर 'देवी' या अक्षरांवर येऊन थांबला.

"बाबा, पुसू?"

पंतोजींनी मान खाली घातली. जिंकल्याची खूण त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हती. गुरव धडपडत उठला आणि त्यानं पोरीचा हात धरला.

"नको गं माझे बाय. चूक देवीची न्हाई. चूक माझी, मी तिला हितं आणलं."

त्याच दिवशी भर चावडीवर, साऱ्या गावासमोर, तो उभा राहिला. "पंतोजींचं पुसलं तर त्यांचा धडा सुधारतो. माझ्या देवीचं पुसायचं म्हटलं तर पोरीचं काळीज फाटतं. जे पुसू द्यायला माझं मन धजत न्हाई, ते शाळेच्या पाटीवर लिहायचा मला हक्क न्हाई. आणि देवीला न मानणाऱ्यांचाबी भात त्या शाळेत पडतो. पंतोजींना जाऊ देऊ नका."

कुणीतरी कुजबुजलं, "गुरव हरला."

हरला? छे! सारं गाव पाठीशी असताना 'माझं चुकलं' म्हणायला वाघाचं काळीज लागतं. असं काळीज त्या म्हाताऱ्याचं होतं, म्हणून तर आपण अजून त्याची गोष्ट सांगतो आहोत.

पंतोजी गावातच राहिले. मुलं दिवसा शाळेत शंका काढत आणि संध्याकाळी देवळात हात जोडून गोष्ट ऐकत. शेजारच्या गावानं मात्र हट्टानं देवीची गोष्ट धड्यात घातली. तिथली मुलं ती घोकू लागली, चुकली की छड्या खाऊ लागली, आणि बघता बघता देवळाच्या वाटेवर गवत उगवलं.

तात्पर्य : जे पडताळून पाहायचं ते शाळेत शिकवावं, जे मनोभावे पुजायचं ते देवळात जपावं, जागा बदलली की ज्ञानही जातं आणि भक्तीही.