छप्पन्न विणेकऱ्यांचा पहारा

भाविकहो, केरोबा महाराज बोरनिंबास आले ते फाल्गुनातल्या एका दुपारी, आणि गावाचं म्हणणं असं पडलं की ते चुकीच्या बाजूने आले.

बोरनिंबच्या मधून ओढा वाहतो. एका काठावर गाव, दुसऱ्या काठावर माळ. त्या वर्षी गाठीच्या तापाची साथ आली होती. घराघरांत उंदीर मरून पडू लागले, तेव्हा सगळं गाव दारांना कड्या घालून माळावर झोपड्या बांधून राहिलं. साथ टळावी म्हणून तिथेच सप्ताह बसवला होता. मंडप होता, आंब्याची तोरणं होती, महाराज येणार अशी कुणकुण लागल्यापासून पाट-तांब्याही तयार होता. महाराज मात्र ओस पडलेल्या गावात शिरले आणि नीट धर्मशाळेच्या दारात जाऊन उभे राहिले.

धर्मशाळेत तापाने पडलेली माणसं होती, आणि चालवत नाही म्हणून मागे राहिलेली म्हातारी माणसं होती. मिळून अकरा. गाव माळावर गेलं तेव्हा झोपड्यांत गाई मावल्या, शेळ्या मावल्या, आबासाहेब शेट्यांचा शिसवी पलंगसुद्धा मावला. ही अकरा तेवढी मावली नाहीत. त्यांना सांभाळायला दोघं मागे राहिली. एक ठकूबाई न्हावीण. ही गावची सुईण. गावातलं अर्धंअधिक माणूस जगात आलं ते तिच्या हातांवर. दुसरा धोंडू कोळी, पाणी भरणारा. तेराव्या दिवशी धोंडूलाच ताप भरला. अकराचे बारा झाले आणि दोघांची एकटी ठकूबाई उरली.

गावाला तिची किंमत नव्हती असं कुणी म्हणू नये. चांगली होती. आबासाहेबांनी तर नेमच घालून दिला होता. रोज दिवेलागणीला सगळं गाव ओढ्याच्या पलीकडच्या काठावर उभं राही, धर्मशाळेकडे तोंड करी आणि ठकूबाईच्या मानासाठी टाळ बडवी. ती नुकती कुठे भिंतीला टेकलेली असे, तापातली माणसं नुकती कुठे डोळा लावत, आणि टाळ सुरू होत. बाराही जण दचकून उठत.

"रोज कोन बडवतंय गं हे?" कोपऱ्यातली गंगूआत्या विचारी. कानाने अधू, पण टाळ तिलाही ऐकू येत.

"तुमचे आबाच हायेत, आत्या. माझा मान करत्यात."

"त्याला म्हनावं, मान नगं. पानी आन."

ही गंगूआत्या म्हणजे आबासाहेबांची सख्खी आत्या. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्यांना वाढवलं. ती नातेवाइकांकडे गेली आहे, असं माळावर सांगितलं जाई.

महाराज आले त्या दुपारी ठकूबाई धर्मशाळेत नव्हती. तेवीस दिवसांत ती पहिल्यांदाच ओढा ओलांडून मंडपाकडे गेली होती. त्याला कारण घडलं होतं. सकाळी आत्याला पेज भरवता भरवता बसल्या जागी तिचा डोळा लागला. हात तसाच पुढे गेला, पेज भलतीकडे उतरली आणि आत्या काळीनिळी पडली. पाठीवर थापट्या मारून ठकूबाईने तिला परत आणली. मग पेजेचं भांडं तसंच ठेवून ती ओढ्याकडे निघाली.

मंडपाच्या बाहेर दहा हातांवर ती थांबली. आत वीणा झणकारत होती. सप्ताहाची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. सात दिवस नाम अखंड चालतं, आणि वीणा जमिनीला टेकता कामा नये. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढे होतो, पाया पडतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. दिवसाचे आठ पहारे, सात दिवसांचे छप्पन्न, म्हणून छप्पन्न विणेकरी. त्यांची यादी आबासाहेबांनी स्वतःच्या हाताने लिहून खांबाला लावली होती. पहिलं नाव अर्थातच त्यांचं. शेट्यांच्या तीन पिढ्यांत बोरनिंबची वीणा टेकली नव्हती. एकदा भर पहाऱ्यात एका विणेकऱ्याला विंचू चावला, तेव्हासुद्धा वीणा टेकली नाही. विणेकरी टेकला, पण ती गोष्ट निराळी.

"आबासाहेब," ठकूबाई म्हणाली, "येक मानूस द्या. रोजच्याला दोन पहारांपुरता. मी जराशी पडते आन् लगीच उठते."

"माणूस?" आबासाहेबांनी खांबाकडे बोट केलं. "अगं, छप्पन्न माणसं वीणेला गुंतलीत. कुणाचं नाव खोडू? तूच सांग."

"आज आत्या हातातनं जाताजाता राहिली. माझा डोळा लागला हुता. उद्या माझ्या हातून कुनी मरंल, आबासाहेब."

आत्याचं नाव निघालं तसे आबासाहेब चपापले, आणि चपापलेला मोठा माणूस जे करतो ते त्यांनी केलं. ते मोठ्याने हसले.

"ऐकलंत का मंडळी? ज्या हातात वीणा धरायची, त्या हातांनी आता तरटं धुवायची म्हणे! ठकू, तुला कशाला गं झोप? तू तर आमची देवी. देवी कधी झोपते का?"

मंडपात हशा पिकला. "देवीला संध्याकाळी दोन टाळ जास्त वाजवा रे!" कुणीतरी म्हणालं. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या नाळा ठकूबाईने कापल्या होत्या. ती पदर तोंडाला लावून माघारी फिरली.

धर्मशाळेत येऊन पाहते, तर एक उघडाबंब, उंचेला म्हातारा आत केर काढत होता. गोवऱ्यांवर निंबाचा पाला टाकून त्याने धुरी केली होती, आणि धोंडूच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी होती.

"कोन तुमी?" ठकूबाई म्हणाली. "हितं येऊ नगा. साथ हाय."

"म्हणूनच आलो," महाराज म्हणाले. "बाई, तू शेवटची झोपलीस कधी?"

ठकूबाई आठवू लागली. आठवेना. तेवीस दिवसांत तिला नमस्कार पुष्कळ झाले होते, पण हे कुणी विचारलं नव्हतं. ती उंबऱ्यावर बसली आणि मंडपातलं सगळं एका दमात सांगून मोकळी झाली.

महाराजांनी शांतपणे ऐकून घेतलं. "छप्पन्न माणसं म्हणालीस? छान यादी आहे. आणखी थोडा वेळ जागी राहा. मी आलोच."

मंडपात काय झालं ते ठकूबाईला नंतर कळलं. महाराजांना पाहताच आबासाहेब पाट घेऊन धावले. महाराज म्हणाले, "पाट राहू दे. वीणेचा एक पहारा मला द्या." आबासाहेबांना आभाळ ठेंगणं झालं. साक्षात महाराज आपल्या सप्ताहात वीणा घेणार! त्यांनी आपल्या हातांनी वीणा महाराजांच्या गळ्यात घातली. महाराजांनी तार छेडली, 'राम कृष्ण हरी' म्हटलं, आणि नाम घेत घेत ते मंडपाबाहेर चालू लागले.

ठकूबाईला उंबऱ्यावरून दिसलं ते एवढंच: ओढ्यातून महाराज येत आहेत, गळ्यात वीणा, आणि मागे सगळा सप्ताह गुडघ्याएवढ्या पाण्यात.

"महाराज! महाराज, वीणा मंडपाबाहेर!" आबासाहेब धोतर वर धरून ओरडत होते.

"टेकली का रे कुठे?"

"टेकली नाही, पण..."

"मग झालं. पुढचा पहारा कुणाचा आहे, त्याने माझ्या मागोमाग यावं. वीणा असेल तिथे विणेकरी. रीत तुझीच आहे ना, आबा?"

रीत त्यांचीच होती. त्यांनी धोतर आणखी वर धरलं. सगळा सप्ताह धर्मशाळेच्या अंगणात येऊन उभा राहिला. तेवीस दिवसांत गाव इतक्या जवळ कधी आलं नव्हतं.

त्याच वेळी आत धप्पकन आवाज झाला. गंगूआत्या पाणी घ्यायला म्हणून वळली होती, ती बाजेवरून कोसळली. ठकूबाई धावली, पण आत्याला उचलायला जाताच तिच्याच हातापायांतलं बळ गेलं. ती आत्याशेजारी जमिनीवर बसली आणि तिला उठता येईना.

"आबा," महाराज दारातून म्हणाले, "म्हातारीला उचलायचं तर दोन्ही हात हवेत. आत ये आणि वीणा धर."

आबासाहेब उंबऱ्याशी आले. आतला वास आला. त्यांनी एक पाऊल उचललं, आणि ते जिथून उचललं होतं तिथेच परत ठेवलं.

"बरं," महाराज म्हणाले. त्यांनी वीणा गळ्यातून काढली, समोर धरली, आणि घरच्या माणसाला सांगावं तसे वर पाहून म्हणाले, "पांडुरंगा, जरा धर रे हे." आणि त्यांनी हात सोडले!

भाविकहो, वीणा पडली नाही! जमिनीपासून हातभर उंचावर ती तशीच उभी राहिली. आणि तिच्या तारा आपोआप झणकारू लागल्या; अशा, की छप्पन्नांपैकी एकाच्याही हाताने त्या कधी झणकारल्या नव्हत्या! अंगणातल्या माणसांचे टाळ हातातच राहिले. आबासाहेब गुडघ्यांवर बसले. लोकांना वाटलं, नमस्कार करताहेत. पण ते वाकून वीणेच्या खालून हात फिरवून पाहत होते. तीन पिढ्यांचा नियम होता, खात्री करणं भाग होतं. वीणा कुठेही टेकलेली नव्हती.

महाराजांनी आत्याला अलगद उचलून बाजेवर निजवलं. मग ते अंगणाकडे वळले.

"वीणेला माणूस मिळाला आहे," ते म्हणाले. "तेव्हा तुम्ही छप्पन्न जण मोकळे झालात. यादी आहे तशीच राहू दे, एकही नाव खोडू नका. पहारा इथला घ्या. हात उकळलेल्या पाण्याने धुवा, निंबाच्या धुरीतून आत या. तुमच्यातल्या एकालाही ताप शिवणार नाही, हे माझं वचन. आणि या बाईला आता कुणी हाक मारायची नाही. यादीत पहिलं कोण?"

यादीत पहिलं कोण, ते सगळ्यांना पाठ होतं.

ठकूबाईने एवढं ऐकलं. वीणा वाजत होती. आबासाहेब खाली मान घालून उंबरा ओलांडत होते, आणि आत्या विचारत होती, "आबा का रं? पानी आनलंस?" मग तिच्या डोळ्यांपुढे काहीच राहिलं नाही. ती झोपली.

ती जागी झाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अंगावर नवं घोंगडं होतं. वीणा तिथेच तरंगत होती, झणकारत होती. दोन विणेकरी धोंडूचं अंथरूण बदलत होते आणि कुठली बाजू वर यावी यावरून हलक्या आवाजात भांडत होते. ओढ्यापासून दारापर्यंत घागरींची रांग लागली होती. आणि तिच्या पायांवर काहीतरी जड होतं.

तिने मान उचलून पाहिलं. आबासाहेब शेटे तिच्या पायांवर डोकं ठेवून घोरत होते.

"मी किती येळ झोपले, महाराज?"

"काल दुपारपासून," महाराज म्हणाले. "हा तुझी क्षमा मागायला आला होता. पहारा एकच होता त्याचा, पण आत्या ह्याला सोडीना, म्हणून तीन केले. मग नमस्कार करायला वाकला, आणि तिथेच लागला त्याचा डोळा."

अंगणात कुणीतरी उत्साहाने टाळ उचलले. "देवी उठली!"

ठकूबाईने झटकन ओठांवर बोट ठेवलं आणि पायांशी निजलेल्या माणसाकडे खूण केली. "हळू! त्येंचा डोळा लागलाय."

टाळ खाली गेले. पण बोलणं ऐकून आबासाहेब जागे झालेच. गालावर घोंगड्याचे वळ, डोळे लाल, धोतराला पेज लागलेली.

"ठकूबाई," ते म्हणाले, आणि गावाने त्यांच्या तोंडून ते 'बाई' पहिल्यांदाच ऐकलं. "एका दिवसात माझी कंबर मोडली. तू तेवीस काढलेस, आणि आम्ही तुला टाळ ऐकवत होतो. आता साथ संपेपर्यंत यादी चालेल. माझा शब्द."

"आणि नंतर?" महाराजांनी विचारलं.

"नंतर? नंतर साथच नसेल की, महाराज."

"साथ गेली की गंगूआत्या उठून धावायला लागणार आहे का?"

आबासाहेब आत्याकडे पाहत राहिले. आत्या त्यांच्याकडे पाहून बोळक्या तोंडाने हसली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"नाही, महाराज. नंतरही चालेल. बारा महिने चालेल. आणि ठकूबाईला झोप मिळेल, जेवण वेळेवर मिळेल, ते बघणं माझ्याकडे." एवढं बोलून ते महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले.

महाराजांनी पाय मागे घेतले आणि ठकूबाईकडे बोट केलं. "तिकडे. मघाचा झोपेत झाला, तो धरायचा नाही."

मग बोरनिंबच्या आबासाहेब शेट्यांनी सगळ्या गावादेखत ठकूबाई न्हाविणीपुढे साष्टांग नमस्कार घातला, पुरता जागेपणी. कपाळ टेकलं, छाती टेकली, गुडघे टेकले. शेट्यांच्या तीन पिढ्यांत जे टेकलं नव्हतं, ते सगळं त्या दिवशी टेकलं. वीणा तेवढी टेकली नाही.

सातव्या दिवशी ती आपणहून आबासाहेबांच्या हातांत उतरली. पुढे साथ ओसरली, धोंडू उठून पाणी भरू लागला, विणेकऱ्यांपैकी एकालाही ताप आला नाही. बोरनिंबात तेव्हापासून खांबाला दोन याद्या लागतात. वीणेची सात दिवसांनी उतरवतात. दुसरी उतरवायची नसते.

भाविकहो, ही कथा ऐकून महाराजांना हात जोडावेत असं मनात येईल. जरूर जोडा, पण थोडं थांबून. घरात कुणी दुखणाईताच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी बसलेलं असेल, तर आधी आत जा आणि त्याला म्हणा, "तू जरा पड, मी बसतो." महाराजांना ते लवकर पोचतं.