वच्छलाबाईंचा श्वास

"आई, आता आणखी काय सोडायचं राहिलं माझं?"

मधुकरराव भुयारांनी हे विचारलं तेव्हा देवकाआई मठाच्या ओसरीत सुपात डाळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

देवकाआई मठातल्या सगळ्यात वृद्ध तपस्विनी. उपदेश घेऊन पंथात येऊ पाहणाऱ्या माणसाला आधी त्या पारखत आणि मगच महंतांकडे पाठवत. मधुकरराव मागे एकदा आले होते, तेव्हा त्यांच्या कपड्यांनासुद्धा सिगारेटचा वास होता. आईंनी दुरूनच 'दंडवत' म्हटलं आणि सिगारेट सुटली की ये, एवढंच सांगितलं.

आज ते परत आले होते. सुटल्याचं सांगायला.

त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं. सुरुवातीला हात कापायचे. झोप यायची नाही. घरात ताट आदळायचे, गिऱ्हाइकावर खेकसायचे. तोंडात सतत लवंग. आणि गंमत म्हणजे सोडल्यावर खोकला वाढला. सकाळी उठलं की काळपट कफ पडायचा. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, छाती स्वतःला धुऊन काढतेय. मग हळूहळू खोकला बसला. परतवाड्याला त्यांचा फोटो स्टुडिओ होता, त्याचा जिना ते पूर्वी मध्ये थांबून चढायचे. आता एका दमात चढत होते.

"डॉक्टरांनी यंत्रात फुंकर मारायला लावली," ते म्हणाले. "म्हणाले, जे गेलं ते परत येणार नाही, पण पुढचं वाचलं. या वयात एवढं कुणी करत नाही म्हणाले. दुसऱ्या पेशंटना माझं उदाहरण देतात."

"बरं झालं," आई म्हणाल्या.

मधुकरराव थांबले. त्यांना आणखी काही ऐकायचं होतं.

स्टुडिओत पासपोर्ट फोटोला येणाऱ्या माणसालाही आपण आता सोडत नाही, हेही त्यांनी सांगितलं. खिशात पाकीट दिसलं की समोर बसवून चार गोष्टी सुनावतात. कितीतरी जणांनी शपथ घेतली.

आईंनी सुपातला एक खडा बाजूला काढला.

"बरोबर कोण आलंय?"

"मंडळी आहे. खाली बसलीय. पायऱ्या चढवत नाहीत तिला."

"का?"

"दम लागतो. फुप्फुसं गेलीत म्हणतात तिची. दोन पावलं टाकली की..." त्यांनी हात हलवला. "तिच्यासाठीही काही सांगा, आई. नाम वगैरे."

"तीही ओढायची?"

"छे! तिला तर वाससुद्धा सोसायचा नाही."

हे बोलून त्यांनी खाली पायऱ्यांकडे पाहिलं.

 आईंनी सूप बाजूला ठेवलं, भिंतीला धरून उठल्या आणि एकेक पायरी उतरू लागल्या. मधुकरराव मागून निघाले.

खाली ओट्यावर वच्छलाबाई बसल्या होत्या. पुढे वाकून, दोन्ही तळहात गुडघ्यांवर टेकवून. ओठ शीळ घातल्यासारखे, त्यातून हवा बारीक बाहेर सोडत होत्या. आईंना पाहून त्या उठायला गेल्या. आईंनी खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं आणि स्वतः शेजारी टेकल्या. स्टुडिओत तुझं काय काम असायचं, एवढंच विचारलं.

वच्छलाबाई दोन-तीन शब्दांनंतर थांबत, पुन्हा बोलत. मागच्या खोलीत त्या निगेटिव्हचं टचिंग करायच्या. बारीक टोकाच्या पेन्सिलीनं देवीचे व्रण घालवायचे, नवरीच्या डोळ्यांखालचा काळेपणा काढायचा. खोलीची खिडकी बंद, पंखाही बंद. नाहीतर निगेटिव्हवर धूळ बसते. मधुकरराव शेजारी बसून काम तपासायचे. दिवसभर दोघं त्या खोलीत. लग्नसराईत तर जेवणसुद्धा तिथंच व्हायचं.

"सगळं... यांनीच शिकवलं," त्या म्हणाल्या. "हात... चांगला बसला होता माझा."

त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. चांगल्या दिवसांबद्दल बोलताना असतं तसं.

मधुकरराव जमिनीकडे बघत होते.

"एकदा म्हणाली होती ती," ते हळू आवाजात म्हणाले. "खिडकी उघडू का म्हणून."

"मग?"

"काम होतं हातात... मी नको म्हटलं."

"एकदाच म्हणाली?"

 वच्छलाबाईंनी मान दुसरीकडे वळवली.

वारा पडला होता.  फक्त ओठांतून सुटणारा तो बारीक आवाज... थांबायचा, पुन्हा यायचा.

आई ओट्यावरून उठल्या. त्यांनी मधुकररावांना आपल्या जागेवर बसायला सांगितलं.

"ती घेईल तेव्हा श्वास घे," त्या म्हणाल्या. "ती सोडेल तेव्हा सोड. तिच्याएवढाच. जास्त नाही."

मधुकररावांना वाटलं, ही काहीतरी साधना असावी. त्यांनी पाठ ताठ केली, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

तिचा श्वास आखूड होता. घेतला न घेतला तोच संपायचा. सोडायला मात्र वेळ लागायचा, आणि सगळा सुटायच्या आत पुढचा घ्यावा लागायचा. थोड्याच वेळात त्यांच्या छातीत हवा साठू लागली. आत जागा उरेना. गळ्याच्या शिरा ताणल्या. कपाळावर घाम आला. त्यांनी डोळे उघडले. बुडणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत असते तशी भीती त्यांच्या डोळ्यांत आली होती.

आणि मग त्यांना राहवलं नाही. तोंड उघडून त्यांनी मोठा, पोटापर्यंत जाणारा श्वास घेतला. त्याचा आवाज ओट्यावर सगळीकडे ऐकू आला.

वच्छलाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही... घ्या."

मधुकररावांनी चेहरा ओंजळीत लपवला. खांदे हलत होते. बऱ्याच वेळानं ते कसेबसे म्हणाले, "सोडली ना मी, आई... सोडली ना?"

"हो," आई म्हणाल्या. "सोडलीस."

आणि पायऱ्या चढून वर गेल्या.

त्या दिवशी उपदेशाचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढेही निघाला नाही. दोघं मठाच्या धर्मशाळेत राहिले. स्टुडिओ पुतण्यानं सांभाळला. मधुकरराव बायकोला आंघोळ घालत, भात मऊ करून भरवत, संध्याकाळी ओट्यावर आणून बसवत आणि शेजारी बसत. ती घेई तेव्हा घेत. कधी जमायचं, कधी अर्ध्यात तुटायचं. मग मान खाली घालून ते पुन्हा सुरू करत.

एकदा अमरावतीहून आलेल्या कुणीतरी त्यांना ओळखलं. सिगारेट कशी सोडली ते आमच्या मुलाला सांगा, म्हणून आग्रह धरला. मधुकररावांनी त्या मुलाला जवळ बसवून घेतलं. पण वच्छलाबाईंकडे बघत राहिले, बोलले काहीच नाहीत. मुलगा थोडा वेळ बसला आणि उठून गेला.

पौषात थंडी वाढली तशा वच्छलाबाई झोपून राहू लागल्या. मग झोपताही येईना, रात्र उशीला टेकून बसून काढायच्या. डॉक्टर येऊन गेले. अमरावतीला हलवू म्हणाले. वच्छलाबाईंनी मानेनं नको म्हटलं.

एका दुपारी मधुकरराव त्यांच्याबरोबर श्वास घेत बसले होते. वच्छलाबाईंनी श्वास सोडला. त्यांनीही सोडला. आणि पुढचा घ्यायला ते थांबून राहिले.

थांबून राहिले...

सगळं उरकल्यावर ते देवकाआईंकडे आले. आई ओसरीतच होत्या. दंडवत करून मधुकरराव समोर बसले. दाढी वाढली होती. छाती मात्र स्वच्छ होती. खोकला नाही, घरघर नाही. पायऱ्या ते सहज चढून आले होते.



"आई," ते म्हणाले, "कुणाबरोबर घेऊ आता श्वास?"

देवकाआईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तिचे घ्यायचे राहिलेत," त्या म्हणाल्या. "ते घे."