आधी बरा हो, मग ये

फार मागची गोष्ट. किती मागची, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही.

डोंगराकडेच्या एका राज्यात मोठं युद्ध झालं. जखमी शिपायांच्या वेदना थांबेनात, म्हणून वैद्यांनी त्यांना अफू दिली. युद्ध संपलं, जखमाही भरल्या, पण अफू काही सुटली नाही. एके काळची धडधाकट माणसं देवळामागे आणि गोठ्यांत डोळे मिटून पडून राहू लागली.

त्यांतलाच एक केरू. त्याची थोरली बहीण अंबू घोंगड्या विणून पोट भरायची. आईबाप लवकर गेले, तेव्हा केरूला तिनेच वाढवलं होतं. शिपाई होऊन निघाला तेव्हा तो उधळलेला बैल एकट्याने अडवायचा. परत आला तेव्हा त्याच्या हातून पाण्याचा तांब्या सुटायचा. अफूपायी त्याने घरातली भांडी विकली, मग विणून ठेवलेल्या घोंगड्या विकल्या.

शेजारी म्हणायचे, "हाकलून दे त्याला."

अंबू म्हणायची, "देते. पण तो जाईल कुठे, ते आधी सांगा."



राजाच्या कानावर हे सगळं गेलं. तो दयाळू होता. त्याने वेशीबाहेर अशा माणसांसाठी एक आसरा बांधला. पक्क्या खोल्या, गोड्या पाण्याची विहीर, दोन वेळचं जेवण आणि जाणता वैद्य. कारभारी म्हणाला, "महाराज, फुकट खायला मिळतंय म्हटल्यावर सगळे ऐदी गोळा होतील. ज्याने अफू सोडून दाखवली, त्यालाच आत घेऊ. म्हणजे धान्य वाया जाणार नाही." राजाला ते पटलं. त्याने मान डोलावली.

अंबू मोठ्या आशेने केरूला घेऊन गेली. दाराशी कारभारी स्वतः बसला होता.

"अफू कधी घेतलीस?" त्याने विचारलं.

"आज सकाळी," केरू खरं बोलला.

"मग आत यायचं नाही. आधी सोड, मग ये."

अंबू म्हणाली, "कारभारी, ती सुटत नाही म्हणूनच तर त्याला आणलंय."

"नियम राजाचा आहे, बाई. तुझ्यासाठी मोडला, तर सगळ्यांसाठीच मोडावा लागेल."

आत ओसरीवर म्हातारा वैद्य बसला होता. त्याच्या मागे रिकाम्या खाटा दिसत होत्या. त्याने केरूकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

घरी आल्यावर केरू म्हणाला, "अक्का, मला कोंडून घाल. कितीही ओरडलो तरी कडी काढू नकोस."

अंबूने कडी लावली आणि ती दाराबाहेर बसून राहिली. आत केरू आधी थरथरला, मग विनवू लागला, मग त्याने तिला घाणेरड्या शिव्या दिल्या. पोटात पाणीसुद्धा ठरेना. शिव्या ऐकू येत होत्या तोवर ती बसून राहिली. आवाज अगदी बारीक झाला, तेव्हा मात्र तिने घाबरून कडी काढली. केरू मातीच्या जमिनीवर पडला होता. त्याला उठून बसता येत नव्हतं.

तिने पुष्कळ विचार केला. आसरा गाठला तर तो वाचेल, पण तिथवर जाणार कसा? गावातल्या बैलगाड्या बाजाराला गेल्या होत्या. शेवटी ती स्वतः उठली, कधी पाऊल टाकलं नव्हतं त्या अफूवाल्याच्या दारी गेली आणि कणभर अफू आणून तिने भावाच्या जिभेवर ठेवली. थोड्या वेळाने केरू उभा राहिला. तिच्या खांद्यावर भार टाकत तो आसऱ्यापर्यंत चालला.

कारभाऱ्याने त्याचे डोळे निरखले. "आजही घेतली आहे."

"मी दिली," अंबू म्हणाली. "त्याच्यात चालायचं बळ नव्हतं."

"म्हणजे सुटलेली नाही."

दार लागलं. केरू भिंतीला टेकून खाली बसला. झिमझिम पाऊस होता, वारा बोचत होता. तो म्हणाला, "अक्का, आता माझ्याच्याने चालवत नाही. मी इथेच बसतो. केव्हातरी उघडतील."

एव्हाना गाड्या परतल्या असतील म्हणून अंबू बैलगाडी आणायला पळाली. गाडी घेऊन आली तेव्हा केरू तसाच बसलेला होता, पण अंग गार पडलं होतं. भिंतीपलीकडे जेवणाची पंगत बसली होती.

पुढे राजा पाहणीला आला. कारभाऱ्याने त्याला स्वच्छ खोल्या दाखवल्या. "महाराज, इथे आत आलेला एकही माणूस दगावला नाही."

राजाला समाधान वाटलं. पण खाटा पाहून त्याने वैद्याला विचारलं, "इतक्या रिकाम्या कशा?"

वैद्याला आता गप्प राहवेना. "महाराज, जे आपले आपण सावरले, तेच आत आले. त्यांना माझी फारशी गरज नव्हती. ज्यांना होती, ते दारावरून परत गेले."

गर्दीतून अंबू पुढे आली. "सगळे परत गेले नाहीत," ती म्हणाली. "माझा भाऊ या भिंतीशी मेला. त्याला कुठल्या हिशेबात धरलंत?"

कारभारी राजाकडे पाहू लागला. राजाला आपण डोलावलेली मान आठवली. मग तो म्हणाला, "बाई, तुझ्या भावाच्या नावाने इथे चौथरा बांधतो."

"चौथरा कशाला? त्याला आत घ्यायला हवं होतं. आणि ते तेव्हा हवं होतं." एवढं बोलून ती निघून गेली.

त्याच दिवशी राजाने नियम मोडला. नशेत असलेल्यालाही हाताला धरून आत घेऊ लागले. खाटा भरल्या. काही बरे झाले, काही पळून गेले आणि पुन्हा आले, त्यांनाही परत घेतलं. काही मेले, पण कुणाच्या तरी हातचं पाणी पिऊन मेले.

अंबू त्या वाटेने पुन्हा कधी गेली नाही. बाजाराला जाताना ती लांबून वळसा घालायची. अमक्याचा मुलगा आसऱ्यात बरा झाला, असं कुणी सांगितलं की ती म्हणायची, "बरं झालं." मग तिचा विणता हात थांबायचा, आणि पुन्हा चालू व्हायला फार वेळ लागायचा.

तात्पर्य: आधी बरा हो, मग मदत करतो, असं आजारी माणसाला सांगणं म्हणजे त्याला मदत नाकारणंच होय.