मोराचा शेला

भिवराला वाटलं होतं, सहा वर्षांनी आपण भानुगडला परतू तेव्हा कोष्टीआळीत शिरण्याआधीच मागांचा खटखटाट ऐकू येईल. ऐकू आली ती कोंबडी. भिवराच्या बापाच्या, येसबाच्या, मागावर बसून ती खुशाल अंडं घालत होती.

दूरच्या नगरीत मामाकडे राहून भिवरा गणित शिकली, तर्क शिकली, आणि चांगल्या कामाला चांगलं मोल मिळतंच, हेही तिथेच कुठेतरी मनाशी पक्कं करून आली. इथे येसबाचा पाच रुपयांचा शेला कोणी हातात धरीना. गावाला वेड लागलं होतं माणकोजी शेटजींच्या शेल्याचं. पदराच्या कोपऱ्यात जरीचा एवढासा मोर, आणि किंमत पाचशे रुपये! भर वैशाखातही लोक तो खांद्यावरून उतरवीत नसत. पंगतीत आमटी सांडली तर ती मांडीवर घेत, पण मोरावर पडू देत नसत.

त्यात शेटजींनी राजापुढे नवा अर्ज ठेवला होता. मोराचा शेला नसेल त्याला दरबारात पाऊल टाकता येऊ नये! तसा हुकूम निघाला असता, तर कोष्टीआळीतल्या वीसच्या वीस मागांचं सरपणच झालं असतं.

भिवरा तडक दरबारात गेली आणि दोन्ही शेले एकसारखेच आहेत म्हणून सांगितलं. राजा रणधवल हट्टी खरा, पण ऐकून घेणारा होता. त्याने तिथेच परीक्षा मांडली. कोपरा झाकून दोन शेले शेटजींच्या हाती दिले. शेटजींनी पोत चाचपलं, काठ उलटून पाहिला, आणि आपला म्हणून उचलला तो येसबाचा शेला. दरबार हसला. शेटजी मात्र डगमगले नाहीत.

"कापड सारखंच असेल, महाराज. पण लोक काय खुळे आहेत? वरच्या चारशे पंच्याण्णव रुपयांत मी त्यांना काहीतरी देतच असेन की."

झालं! राजाचं मन त्या चारशे पंच्याण्णवात अडकलं.

"काय देतो, ते मला बघायचंय," तो भिवराला म्हणाला. "नुसतं सांगायचं नाही, दाखवायचं. उद्या दुपारपर्यंत दाखवलंस तर अर्ज फाडतो. नाही जमलं, तर हुकूम काढतो."

येसबाने कपाळाला हात लावला. जी वस्तू शेल्यात नाही, शेटजींच्या दुकानात नाही, ती पोरगी आणणार कुठून? भिवरा चावडीच्या पारावर जाऊन बसली आणि मोर मिरवत जाणाऱ्या माणसांकडे बघत राहिली. त्यांच्याकडे कोण कोण बघतंय, तेही बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने राजाकडे दोनच गोष्टी मागितल्या. शेटजींच्या दुकानातला मोराचा एक शेला, आणि एक गिऱ्हाईक. सरदार हैबतराव आपणहून पुढे झाले. त्यांच्याकडे चार मोर आधीच होते, पण हा शेला जांभळा होता. त्यांनी पाचशेची थैली काढली.

"घ्या सरदार," भिवरा म्हणाली. "अट एकच. हा घरातच घालायचा, दार लावून. कोणाला कळता कामा नये."

"मग घालून उपयोग काय?"

"मऊ तेवढाच लागेल की."

हैबतरावांनी थैली मागे घेतली आणि मग पन्नासाच्या वर एक पै देणार नाही म्हणून सांगितलं. भिवराने अट बदलली. चारचौघांत घाला, पण मोर आतल्या बाजूला वळवून. सरदारांनी नाक मुरडलं. तसल्या शेल्याचे पाच रुपये खूप झाले!

"बरं, मोर बाहेर ठेवा. हवं तिथे मिरवा. फक्त आज संध्याकाळी असाच एकेक शेला महाराज साऱ्या गावाला वाटतील. तुमच्या मोतद्दारालाही."

"घोडा खरारणाऱ्याला? मग फुकट दिलात तरी नको!"

सारा दरबार खो खो हसला. भिवरा राजाकडे वळली.

"महाराज, शेला तोच, मोर तोच, सरदारही तेच. पाचशेचे पन्नास झाले, पन्नासाचे पाच, आणि पाचाचं शून्य. मी काढून घेतले ते फक्त बघणाऱ्यांचे डोळे. आधी डोळे गेले, मग डोळ्यांतला हेवा गेला. शेटजी चारशे पंच्याण्णव रुपयांना तेच विकतात."

राजाने मान डोलावली, पण हार मानणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने डोक्यावरच्या मुकुटावर बोट ठेवलं. "आणि याचं काय गं? हाही डोळ्यांसाठीच का?"

प्रधानजी छताकडे पाहू लागले.

"मी कशी सांगू, महाराज?" भिवरा म्हणाली. "आज जेवण झालं की दालनाचं दार लावून घ्या, आरशावर पडदा टाका, आणि मुकुट घालून एकटेच बसा. किती वेळ बसवतं, ते तुम्हीच आम्हाला सांगा."

राजाने मुकुट काढला, घामेजलेलं कपाळ पुसलं, आणि तो असा गडगडून हसला की प्रधानजींनाही हसायचं धाडस झालं. अर्जाचे चार तुकडे झाले. शिवाय राजाने तिला बक्षीस म्हणून आपला सिंहाचा शिक्का दिला. येसबाच्या शेल्यावर तो उठवायची परवानगी दिली आणि वर म्हणाला की सिंहाचा शेला हजाराला सहज जाईल.

त्या संध्याकाळी कोष्टीआळीत हजाराखेरीज दुसरा विषय नव्हता. कोणी मनातल्या मनात माडी बांधली, कोणी बैलजोडी घेतली. खुद्द माणकोजी शेटजी पेढे घेऊन आले आणि सगळा माल आपणच उचलू म्हणाले. येसबाने पोरीला समजावलं की देव एकदाच दार ठोठावतो. भिवराने पेढा खाल्ला आणि सकाळी सांगते म्हणाली.

सकाळी तिने सांगितलं. सिंह प्रत्येक शेल्यावर उठवायचा, किंमत पाचच रुपये ठेवायची, आणि पहिला शेला वाड्याच्या दारात ताक विकणाऱ्या सगुणाबाईला द्यायचा.