खाणटेकडीचे चाळीस हजार लिटर

“मग या लोकांना टँकर हवाय कशाला, ते सांगा ना अप्पा?”

हर्षदा कुलथे यांनी विचारलं आणि मोबाइल अप्पांच्या पुढ्यात धरला.

हर्षदाबाई म्हणजे आमच्या नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या नव्या इंजिनिअर. शहरभर अडीचशे डिजिटल मीटर त्यांनी बसवून घेतले होते. कुठल्या भागात किती लिटर पाणी गेलं ते मिनिटामिनिटाला त्यांच्या पडद्यावर उमटायचं. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि खोटं कशाला बोला, काम होतंही तसंच.

सिद्रामअप्पा म्हणजे जुने चावीवाले. एकतीस वर्षं रस्त्यातल्या लोखंडी चाव्या फिरवून त्यांनी गावाला पाणी सोडलं. आता चाव्या कॉम्प्युटर फिरवतो, आणि अप्पा खाणटेकडीवर आपल्या ओट्यावर बसून असतात.

पडद्यावर खाणटेकडी हिरवीगार होती. रोजचे चाळीस हजार लिटर. म्हणून सोमवारपासून तिथला टँकर बंद करायचा हुकूम तयार होता, फक्त बाईंची सही राहिली होती. टेकडीवरच्या बायका मात्र नळाला पाणी येतच नाही म्हणून हटून बसल्या होत्या. त्या अप्पांचं ऐकतात, तेव्हा अप्पांनी त्यांना चार शब्द सांगावेत, एवढंच बाईंचं मागणं होतं.



पाण्याची वेळ झालीच होती. अप्पा उठले आणि बाईंना गल्लीच्या तोंडाशी मीटरपाशी घेऊन गेले. मीटर गरागरा फिरत होता.

“बघा,” बाई म्हणाल्या. “येतंय की नाही?”

“मग हात धुवा,” अप्पा म्हणाले, आणि त्यांनी शेजारचा नळ पूर्ण सोडला.

बाईंनी ओंजळ धरली.

नळातून वारा आला. चांगला जोराचा. बाईंच्या तळहातावरची धूळ तेवढी उडाली. पाण्याचा एक थेंब नाही, आणि मीटर तिकडे लिटर मोजतच होता.

बाई तशाच ओंजळ धरून उभ्या राहिल्या...

रिकाम्या पाइपात खालून पाणी चढू लागलं की ते आधीची हवा पुढे ढकलतं. पाणी खालच्या पेठांतच संपायचं, हवा टेकडीवर पोचायची, आणि मीटर तिलाच पाणी समजून लिहून ठेवायचा. त्या आकड्यावर आपण सही करणार होतो, हे ध्यानात आलं तसा बाईंचा चेहरा उतरला. त्यांना लाज वाटली आणि ती त्यांनी लपवली नाही.

तुमच्या वेळी इथे पाणी चढायचं का, असं त्यांनी हळूच विचारलं.

“चढायचं की. टेकडीची चावी पहिली, टाकी भरलेली असताना. खालच्यांना काय, मागाहूनही मिळतंय.”

कॉम्प्युटरला मात्र जिथे घरं जास्त तिथली चावी आधी उघडायला शिकवलं होतं. शिकवलं होतं बाईंनीच.

“मग हे मीटर काढून टाकते,” बाई म्हणाल्या. रागच आला होता त्यांना, स्वतःचा.

“का? त्यानं काय लबाडी केली? फिरवलं तसा तो फिरला. कशानं फिरतोस, ते तुम्ही त्याला विचारलं नाही.”

बाई फिरणाऱ्या मीटरकडे वाकून बघत बसल्या. दुसरं कोणी असतं तर तोंड वाकडं करून गाडीत जाऊन बसलं असतं. ही बाई अप्पांच्या ओट्यावर मांडी घालून बसली आणि तिने लॅपटॉप उघडला.

पाण्यावर मीटर एका चालीने फिरतो. वाऱ्यावर तो झटके खात, उधळल्यासारखा फिरतो. ही उधळलेली चाल त्यांनी अडीचशे मीटरांच्या वर्षभराच्या नोंदींत शोधायला घेतली. दोन तास त्यांनी मान वर केली नाही.

सात ठिकाणं निघाली. खाणटेकडी त्यातलं एक.

अप्पांनी चष्मा लावून बाकीची सहा नावं दोनदा वाचली. एकतीस वर्षं गाव पायाखाली घातलेला माणूस तो. पण या सहा जागा तहानलेल्या आहेत हे त्यांना कधीच कळलं नव्हतं, आणि तसं ते सरळ बोलले. मग त्यांनी हात जोडले. पडद्याला की बाईंना, ते काही समजलं नाही.

टँकर बंद करायचा हुकूम बाईंनी तिथेच फाडला. कॉम्प्युटरला चाव्यांचा नवा क्रम शिकवला: आधी या सात जागा, मग बाकीचं गाव.

तिसऱ्या दिवशी सकाळी खाणटेकडीवर पाणी चढलं. घराघरातून असतील नसतील ती भांडी बाहेर आली. बायका बादल्या भरत होत्या, हसत होत्या, एकमेकींना भिजवत होत्या, आणि हर्षदाबाई चिंब होऊन मधोमध उभ्या होत्या. काय आनंद होता म्हणून सांगू.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. वरचे साहेब होते, चांगलेच तापलेले. काल टेकडीला चाळीस हजार लिटर, आज सव्वीसच हजार? नव्या क्रमाने पाणी घटलंच कसं? उत्तर आत्ताच हवं होतं.

बाईंना हसू आवरेना. त्यांनी फोनवर हात ठेवून अप्पांना सगळं सांगितलं.

अप्पांनी हातातला तांब्या संपवला. मिशा पुसल्या...

“साहेबांना म्हणावं, कमी पडलेलं चौदा हजार लिटर आम्ही परत द्यायला तयार आहोत. भांडी त्यांनी आणावीत.”